एका कडीची तीन कोटेशनं

तुमच्या पोरीला शाळेत लघवीला जाताना दार धरायला मैत्रीण न्यावी लागली, तर तिला किती दिवस शाळेत पाठवाल?

माकणीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मुलींच्या संडासाची कडी जूनमध्येच तुटली. शाळेचं नाव सांगत नाही. मुख्याध्यापक शांतलिंग सरांना आणखी एक नोटीस नको. तुम्ही म्हणाल, खिशातून आणायची आन् ठोकायची. मागच्या वर्षी त्यांनी नळाची तोटी तशीच बसवली होती. 'सरकारी मालमत्तेत परस्पर दुरुस्ती' म्हणून नोटीस आली. चौकशी अजून चालूच आहे, आणि निवृत्तीला राहिलीत दोन वर्षं.

म्हणून या वेळी सरांनी नियम पाळला. शाळा समितीचा ठराव घेतला, तीन दुकानांची कोटेशनं घ्यायला लोहाऱ्याच्या बाजारात खेटे घातले. दुकानदार मल्लेश म्हणाला, "सर, कडी फुकट न्या, पर कोटेशन लिहायला लावू नका."

"फुकट घ्यायलाबी ठराव लागतो, मल्लेश."

कागद तालुक्याला गेले आणि परत आले. कारण? तिन्ही दुकानांनी पाकिटावर छापलेला खरा भाव लिहिला होता. तिन्ही सारखे. शेरा होता: 'सर्वांत कमी दर कोणता, ते स्पष्ट करावे.'

शाळांच्या प्रश्नांवर मी गावोगाव फिरतो, म्हणून सरांबरोबर मीही तालुक्याच्या ऑफिसात गेलो. बाबू हळूच म्हणाला, "दोघांना चार रुपये जास्ती लिहायला सांगायचं असतंय. इतकी वर्षं नोकरी केली, एवढं न्हाय कळत?"

"म्हणजे खोटं लिहायचं?"

"खोटं कुठं? दरांचा तक्ता जुळवायचा."

मी टेबलावर हात आपटला. सरांनी माझं मनगट धरलं. "गप बसा, भाऊ. कागद आणखी अडकंल."

सातवीतली आरोही सकाळपासून पाण्याचा घोट घेत नव्हती, जावंच लागू नये म्हणून. एक दिवस जावं लागलं. घंटा झाली, दार धरणारी पोरगी वर्गात पळाली, दार उघडलं. समोर पाचवीची पोरं. सगळी हसली. दुसऱ्या दिवसापासून आरोही आली नाही.

त्याच आठवड्यात सर खाली मान घालून मल्लेशकडं गेले. दोन कोटेशनं वाढवून आली आणि आठ दिवसांत मंजुरी! सरांनी स्वतः कडी बसवली, तसेच मला घेऊन आरोहीच्या घरी गेले. तिची आई कडूबाई दारातच उभी राहिली.

"आता कडी लावा न्हायतर कुलूप लावा, सर. पोरगी न्हाय येणार."

सर तिथंच पायरीवर बसले. मला म्हणाले, "चौतीस वर्षं शिकवलं. पहिला खोटा कागद केला, भाऊ. त्योबी उशिरा."

मी घरी येऊन ठराव लिहिला: शाळेच्या किरकोळ दुरुस्तीला एक पावती आणि शाळा समितीच्या दोन सह्या पुरेत, कोटेशन नको. येत्या ग्रामसभांत तो गावोगाव मांडणार आहे.

त्याआधी तुमच्या गावच्या शाळेत जा. मुलींच्या संडासाचं दार आतून लावून बघा. लागलं नाही, तर या ठरावाला हात वर करा.