समस्येचा चेहरा

भडभडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. जनरेटर भाड्याने देणाऱ्या या गृहस्थांना लोकांनी ठेवलेलं ते नाव. एक तर मशीन भडभड करतं, आणि त्याच्या शेजारी उभं राहून उभा जन्म गेल्यामुळे हेही भडभड बोलतात. कानांनी केव्हाच संप पुकारलाय, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो याचा त्यांना पत्ताच नसतो. जेवताना मीठ मागितलं तरी आजूबाजूच्या चार घरांना कळतं की आज यांच्या भाजीत मीठ कमी पडलंय. एका समारंभात तर आभार मानणाऱ्याने 'श्रीयुत भडभडे यांनी अखंड वीजपुरवठा केला' असं अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं. घरी आल्यावर बायकोने पोट धरून हसून घेतलं. भडभड्यांना त्यातलं 'अखंड' तेवढं आवडलं.

चेष्टेचा त्यांना राग येत नसे. मशीनला कुणी नावं ठेवली की मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. जुनं, कुणीतरी भंगारात काढलेलं मशीन आणून त्यांनी स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. त्याचं पुसणं, तेलपाणी, नळ्या बदलणं, यात दिवसाचा मोठा भाग जायचा. बायको मशीनला सवत म्हणत असे. "तिची सर्दी तुम्हाला लगेच कळते, माझा गुडघा कधीपासून दुखतोय ते विचारा," असं ती म्हणायची. भडभडे तेही ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, आणि याबाबतीत कानांचं निमित्त त्यांच्या पथ्यावरच पडलं होतं.

गावातल्या जुन्या गोदामात नवउद्योग केंद्र निघालं तेव्हापासून दर महिन्याला तिथे पिचचा कार्यक्रम होऊ लागला. नव्या कल्पना घेऊन आलेली पोरं-पोरी स्टेजवर उभी राहून पाच मिनिटांत आपला धंदा समजावून सांगायची, समोर बसलेले परीक्षक त्यांना उभे-आडवे प्रश्न विचारायचे, आणि एकाला केंद्राचा पाठिंबा मिळायचा. गोदामातली वीज भरवशाची नव्हती, म्हणून मागच्या भिंतीला भडभड्यांचं मशीन आणि खिडकीतून आत गेलेली जाड केबल. एकही कार्यक्रम न चुकवलेला असा हा एकच माणूस असेल, आणि त्याने आतलं एक अक्षर ऐकलं नव्हतं. टाळ्या पडल्या की नाही, हेसुद्धा त्यांना खिडकीतून हात हलताना दिसले तरच कळायचं.

या महिन्याचा विषय होता स्वच्छ ऊर्जा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संयोजक बाई मशीनभोवती एक चक्कर मारून गेल्या. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र आणि हातात हिरव्या पानांचा भला मोठा फलक होता.

"काका, गैरसमज करून घेऊ नका. पण उद्या सगळे सूर्य-वारा असंच बोलणार आहेत. मागे हे धुराडं दिसलं तर बरं दिसत नाही. हा फलक पुढे लावू या का?"

"लावा की!" भडभडे एवढ्या मोठ्याने म्हणाले की बाई दचकल्या. "फक्त हवेची जाळी झाकू नका. मशीन गुदमरेल."

मशीन उद्या बहुधा सुरूच करावं लागणार नाही, असंही बाईंनी हळूच सांगितलं. भडभड्यांना ते ठाऊक होतं. उद्याची वीज त्यांची लेकच देणार होती.

लेक विजेचं शिक्षण घेऊन आलेली. शिक्षण संपल्यावर नोकरी धरायची सोडून तिने मैत्रिणीच्या साथीने बापाच्याच शेडमध्ये बस्तान मांडलं. अर्ध्या शेडमध्ये सवत, अर्ध्या शेडमध्ये लेकीची बॅटरीची ट्रॉली. शेडच्या पत्र्यावर बसवलेल्या सौर पॅनेलवर दिवसा ती ट्रॉली भरायची आणि संध्याकाळी कुठल्याही मांडवाला, सभेला वीज द्यायची. धूर नाही की आवाज नाही. चाकांची जोडणी भडभड्यांनीच करून दिली होती, कारण पोरींनी लावलेली चाकं पहिल्याच वळणावर चौखूर उधळली होती.

"पिचमध्ये निवड झाली ना," बायकोने एका रात्री जेवताना सांगितलं होतं, "तर केंद्र वर्षभर हिचीच ट्रॉली वापरणार आहे. तुमच्या मशीनऐवजी."

"बरं मग?"

"बरं मग काय? केंद्राचं काम सुटलं की बाकीचेही तेच मागतील. तुम्ही काय करणार?"

"आमची जोडी आहे," भडभडे म्हणाले. "माझं मशीन आणि तिची ट्रॉली. मोठं काम मी घेईन, लहान ती घेईल."

बायकोने लेकीकडे पाहिलं. लेक खाली मान घालून जेवत राहिली. तिथेच भडभड्यांच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण त्यांनी आणखी भाजी मागितली.

कार्यक्रमाच्या दिवशी उजेड असतानाच सगळी मांडामांड झाली. ट्रॉलीची केबल खिडकीतून आत गेली, दिवे लागले, प्रोजेक्टर लागला, आणि मशीन फलकाआड नुसतं उभं राहिलं. भडभडे त्याच्याजवळ स्टुलावर बसून होते. असं बसायची सवय नव्हती. हाताला काम नव्हतं आणि आवाज नसल्यामुळे भोवताली काहीतरी बिनसलंय असं वाटत होतं. शेवटी ते उठले आणि कुणाला न सांगता मागच्या दाराने आत जाऊन, थेट स्पीकरच्या खाली, शेवटच्या रांगेत बसले. लेकीला वाटत होतं, बाबा बाहेरच आहेत.

पहिल्यांदाच त्यांना कळलं की इथे बोलायची एक ठरलेली रीत आहे. जो येतो तो आधी समस्या सांगतो. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'समस्या' असं येतं, मग तिच्याबद्दल जीव तोडून बोलायचं, मग 'उपाय', आणि उपाय म्हणजे अर्थातच बोलणारा स्वतः. एकाने चुलीच्या धुराची समस्या सांगितली. दुसऱ्याने पाण्याच्या पंपाची. भडभड्यांना मजा वाटू लागली. भांडायला आलेल्या विहिणीसारखे सगळे आधी तक्रारी वाचतात, हे त्यांनी शेजारच्या तरुणाला ऐकवलंही, आणि पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं.

मग लेक आली. मैत्रीण संगणकापाशी बसली. लेकीने पांढरा सदरा घातला होता आणि केस घट्ट बांधले होते. पडद्यावर चित्र बदललं आणि तिथे चक्क भडभडे होते. मशीनशेजारी उभे, हातात डिझेलचा कॅन, डोळे उन्हाने बारीक झालेले, मागे काळ्या धुराचा लोट.

भडभड्यांचा आनंद पोटात मावेना. लेकीने बापाचा फोटो एवढा मोठा करून लावला! त्यांनी शेजारच्या तरुणाला कोपराने ढोसलं. "मीच तो!" ते म्हणाले, आणि हे सगळ्या सभागृहाने ऐकलं. माना वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं. तो तरुण मात्र हसला नाही. तो पडद्याच्या वरच्या बाजूला पाहत होता. भडभड्यांनीही मग चष्मा वर केला आणि तिथे पाहिलं.

वर लिहिलं होतं 'समस्या'.

स्टेजवर लेकीने तो आवाज ओळखला होता. असा आवाज साऱ्या गावात एकच. तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण घड्याळ सुरू झालं होतं आणि पाठ केलेलं बोलणं तोंडातून निघू लागलं होतं. "प्रत्येक कार्यक्रमामागे असं एक मशीन उभं असतं. त्याचा धूर आपल्या मुलांच्या छातीत जातो. त्याच्या आवाजाने माणसं बहिरी होतात." बहिरी म्हणताना ती अडखळली. मग उपाय आला, ट्रॉली आली, आकडे आले. भडभड्यांना त्यातलं काही नीट ऐकू गेलं नाही, आणि त्यात कानांचा दोष नव्हता. त्यांना लाज वाटत होती. आपण 'मीच तो' म्हणालो याची जास्त वाटत होती.

उठून जावं असं त्यांच्या मनात आलं. पण उठलं तर सगळे पुन्हा पाहणार. म्हणून ते बसून राहिले.

परीक्षकांत लोखंडी कपाटांचा कारखाना चालवणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"तुमची ट्रॉली चांगलीच आहे. दिवे जळतायत, ते दिसतंय. माझा प्रश्न वेगळा आहे. या फोटोतल्या माणसाचं पुढे काय होणार?"

लेकीने मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रिणीने चित्रं पुढेमागे करून पाहिली. त्या प्रश्नाचं चित्र त्यांच्याकडे नव्हतं.

"ते माझे वडील आहेत," लेक म्हणाली. माईकमधून तिचा श्वास ऐकू येत होता. "हे सगळं त्यांच्या शेडमध्ये बनलं. त्यांच्या पान्यांनी. तयारी करून घेताना केंद्रातल्या लोकांनी आम्हाला सांगितलं होतं की समस्येला चेहरा पाहिजे, नाहीतर लोकांना पटत नाही. माझ्याकडे तेवढाच फोटो होता. त्यांचं काय होणार ते मला माहीत नाही. मी खूप दिवस तो विचारच टाळतेय."

वेळ संपल्याची घंटा वाजली. टाळ्या वाजल्या, पण जपून.

भडभड्यांचे डोळे भरून आले. समस्या म्हटल्याचं दुःख होतंच, ते कुठे गेलं नव्हतं. पण सगळ्यांची हातभर लांबीची उत्तरं ऐकल्यावर 'मला माहीत नाही' म्हणणारी तेवढी आपलीच पोर, आणि ते आपल्यावरून म्हणाली, याने त्यांचा ऊरही भरून आला. दोन्ही एकदम झाल्यामुळे त्यांना नाक शिंकरावं लागलं, आणि तेही सर्वांनी ऐकलं.

निवड पंपवाल्याची झाली. लेकीला परीक्षकांनी बाजूला घेऊन सांगितलं की ट्रॉली आधी बाहेरच्या खऱ्या कार्यक्रमांत चालवून दाखवा, लोक ती मागतात हे सिद्ध करा, मग पुढच्या वेळी या. इथेच तर घोडं पेंड खात होतं. न आजमावलेल्या बॅटरीवर आपलं कार्य सोपवायला कोण तयार होणार? जनरेटर मिळत असताना तर कुणीच नाही. ट्रॉली त्या संध्याकाळी शेवटच्या खुर्चीची घडी होईपर्यंत व्यवस्थित चालली, पण ते पाहायला तोवर कुणी उरलं नव्हतं.

घरी येताना टेम्पोत पुढच्या सीटवर बापलेक बसले होते.

"बाबा, तो फोटो..."

"चांगला आलाय."

"बाबा, तसं नाही हो."

"चेहरा पाहिजे होता तर आधी सांगायचंस," भडभडे म्हणाले. "दाढी केली असती."

ती हसली नाही. खिडकीकडे तोंड करून रडत राहिली. भडभड्यांना लेकीची समजूत काढणं कधीच जमलं नव्हतं. त्यांनी टेम्पो नेहमीपेक्षा हळू चालवला, एवढंच.

सकाळी उठून ते शेडमध्ये गेले. रोज चहाच्या आधी मशीन थोडा वेळ चालवून बघायचा त्यांचा नेम होता. गल्लीतले लोक त्यावर उठायचे, काही शिव्या घालायचे, समोरचा गॅरेजवाला तर त्या आवाजावर आपलं शटर उघडायचा. भडभड्यांनी किल्लीला हात घातला तेवढ्यात फोन वाजला. मांडववाल्याचा होता. रविवारी साखरपुडा, मोठं मैदान, संध्याकाळपासून वीज लागणार. नेहमीसारखं मशीन घेऊन या.

लेक ट्रॉलीपाशी खाली बसून केबल गुंडाळत होती. रात्रभर झोपली नसावी. तिने वर पाहिलं नाही. मशीनचं बोलावणं आलंय, एवढं तिला कळलं होतं.

भडभड्यांनी किल्लीवरचा हात काढला.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हो, माझंच. बिघडलंय म्हणतोय ना!" आता तो आवाज पत्र्यांवर आदळून गल्लीभर गेला. समोर गॅरेजवाल्याचं शटर अर्ध्यावर थांबलं. बायको हातात चहाचा कप घेऊन दारात आली आणि तिथेच खिळली. "इंजिनच गेलंय. लवकर होणार नाही. दुसरीकडे कशाला शोधताय? माझ्या मुलीचं बॅटरीचं आहे. आवाज करत नाही, धूर नाही. मी स्वतः बरोबर येतो. काही कमीजास्त झालं तर मला धरा."

मांडववाला हो म्हणाला. नाइलाजाने म्हणाला, पण म्हणाला.

लेक उभी राहिली होती. "बाबा, मशीनला काय झालंय? काल तर..."

"तुला काय करायचंय? तू रविवारचं बघ. मोठं मैदान आहे, केबल पुरणार नाही. जोडून घे."

बायकोने चहा त्यांच्या हातात दिला. सवतीवरून टोमणा मारायची आयती संधी तिने सोडली, असं क्वचितच घडायचं.

गॅरेजवाला फडक्याला हात पुसत रस्ता ओलांडून आला. त्याने मान हलवून मशीनकडे पाहिलं. "कधी ना कधी होणारच होतं. वय झालं त्याचं," तो म्हणाला. भडभडे हो म्हणाले. मग तो गेल्यावर त्यांनी मशीनची किल्ली काढून खिशात टाकली, कारण आता रविवारपर्यंत ते सुरू करून बघता येणार नव्हतं. साऱ्या गल्लीला ऐकू गेलं असतं.