भेसळीची रिंग

"काळा माल म्हणजे भेसळीचा माल. आमच्या मिलले तो नाही चालत, भाऊ," तेल मिलचे मॅनेजर माझ्या काकांना सांगत होते.

मी लेथच्या पलीकडे, कॉम्प्युटरवर त्याच कामाचं ड्रॉइंग काढत होते. खामगावच्या एमआयडीसीत काकांचं वर्कशॉप आहे. तेल मिलच्या पाइपांसाठी टेफ्लॉनच्या रिंगा हव्या होत्या आणि त्या काळ्या टेफ्लॉनच्या करा, असं मीच काकांना सुचवलं होतं.

"पोरगी इंग्रजी शाळेतली हाय, पुस्तकातलं सांगते," काका हसले. "तुम्ही म्हणाल तेच देतो, साहेब."

मी स्क्रीनवरची नजर काढली नाही. माझा राग असा नेहमी स्क्रीनकडे बघतच जिरतो.

पांढरं टेफ्लॉन शुद्ध असतं, हे खरंच आहे. त्याला काही चिकटत नाही, तेल-ॲसिड त्याचं काही बिघडवत नाही. पण ते मऊ असतं. पाइपांच्या जोडात त्याची रिंग घालून बोल्ट आवळले आणि गरम तेलाची धग लागली, की दाबाखाली ते हळूहळू पसरतं. रिंग पातळ होते, बोल्ट सैल पडतात. त्यात कार्बनची पूड मिसळली की ते काळं होतं, पण पसरणं पुष्कळ कमी होतं. मातीच्या भिंतीत भुसा घालतात तसंच. त्या भुशाला कोणी भेसळ म्हणत नाही. बोगस बियाण्यानं फसलेली माणसं मिसळलेल्या मालाला घाबरतात, हे मला समजतं. पण एक प्रश्नही न विचारता नाही म्हणायचं आणि वर हसायचं, हे नाही समजत.

पांढऱ्या रिंगा गेल्या.

महिनाभरात जोड गळला. मिलमध्ये पंप चालवणाऱ्या म्हाताऱ्या चाचांच्या हातावर गरम तेल उडालं. कोपरापर्यंत पट्टी बांधलेले चाचा मॅनेजरांच्या मागून वर्कशॉपात आले. मॅनेजरांनी ती चेपलेली रिंग काकांच्या टेबलावर टाकली.

"पाहा भाऊ, पापड करून टाकला. काऊन इतके आवळले बोल्ट, चाचा? इतकी वर्षं पंपावर काढली, अन् हे समजत नाही? पंप सोडा, उद्यापासून गेटवर बसा."

"सैल होत होते म्हणून आवळले, साहेब," चाचा म्हणाले. "रोज सकाळी सैल."

काकांनी रिंग उचलली, बोटांनी तिची कड चाचपली. माझं बोलणं त्यांना आठवलं होतं. ते माझ्याकडे बघेनात, त्यावरूनच कळलं.

"जास्त आवळलं की होते असं," ते म्हणाले.

पट्टीचा हात चाचांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता. मला काकांचा संताप आला, मॅनेजरांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा. हे सगळं मला महिन्यापूर्वीच माहीत होतं आणि मी एकदाच, हळू आवाजात सांगून गप्प बसले होते.

मी उठून टेबलापाशी गेले आणि काकांच्या हातातून रिंग घेतली.

"चाचांची चूक नाही. धग लागली की ही रिंग पसरते, मग बोल्ट सैल होनारच. मले माहीत होतं, काकालेही मी सांगितलं होतं. तुम्हाले शुद्ध पाहिजे होतं ना साहेब? हे घ्या शुद्ध. अन् गेटवर बसवायचं असंन, तर ज्यानं ही रिंग मागितली त्याले बसवा."