साहेबानं पाजलेलं पाणी

"पी. यांच्यासमोर पी. म्हणजे यांची तोंडं बंद होतील."

साहेब आमच्या वस्तीच्या विहिरीवर उभा होता. नाकाला रुमाल लावून. भोवती अख्खी वस्ती जमलेली. माझ्या हातात मायचा गडू, गडूत आमच्याच विहिरीचं पाणी. त्यावर पिठासारखा पांढरा थर तरंगत होता.

मी प्यालो. मान वर करून, गटागटा. दातांखाली कचकच लागली, तरी गिळलं. साहेब हसला. "बघा, तुमचाच माणूस आहे. मेला का?" म्हणाला आणि निघून गेला.

अकोल्याला मालधक्क्याजवळ कापसाच्या गठाणींसाठी मोठं गोदाम बांधणं चालू होतं. मी मॅट्रिक झालेला, वस्तीतला पहिलाच. ठेकेदाराच्या साहेबाकडे मजुरांची हजेरी लिहायचो. बौद्ध होऊन आम्हाला चार-पाच वर्षं झाली होती. मेलेली ढोरं ओढणं सुटलं होतं. मान ताठ झाली, असं मला वाटायचं. पण कचेरीतल्या माठाला हात लावायची सोय नव्हती. तहान लागली की ओंजळ धरायची. चपराशी वरून ओतायचा, त्याची मर्जी असली तर.

गोदामाच्या छपराला सिमेंटचे पन्हाळी पत्रे होते. मालाबरोबर येणाऱ्या चलनावर लिहिलेलं असायचं, ॲस्बेस्टॉस. शब्द मला वाचता येत होता, तेवढ्यावरच मी खूश होतो. करवतीनं पत्रे कापले की पांढरी भुकटी उडायची, खाली ढीग साचायचा. आणि हे सांगताना आजही माझी जीभ अडते, ती भुकटी पोत्यात भरून वस्तीत पहिल्यांदा मीच आणली. राखेपेक्षा भांडी चकचकीत निघतात म्हणून. बाया पदरात घेऊन गेल्या. माय ज्याला-त्याला सांगायची, "माह्या पोरानं आनली."

तेव्हा पत्र्यांची कापणी पश्चिमेला, अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या कुंपणापाशी चालायची. उन्हाळा होता. एका बाईसाहेबांच्या वाळत घातलेल्या कुरड्यांवर धूळ बसली. त्यांची साहेबाला चिठ्ठी आली. त्याच दुपारी करवती उचलल्या आणि आमच्या विहिरीजवळ आणून मांडल्या. एका चिठ्ठीत काम झालं.

मग लुगड्याच्या चार पदरांतून गाळलं तरी पाणी पांढरंच येऊ लागलं. भाकरीत कचकच. माय दिवसभर खोकायची. वस्तीतले म्हातारे सीतारामबाबा चार माणसं घेऊन कचेरीच्या दाराशी आले.

"साहेब, पानी पेवावं कसं? करवती दुसरीकडं न्या ना."

साहेबानं मान वर केली नाही. "तुम्ही धुळीतच जन्मलात. तुम्हाला काय होतंय?" मग माझ्याकडे बोट केलं. "तुझी माणसं आहेत. तूच समजाव." आणि संध्याकाळी मला विहिरीवर घेऊन गेला.

नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. वस्ती सरकारी जागेवर. साहेबाच्या एका शब्दानं झोपड्या उठल्या असत्या. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. माझ्या दोन्हीकडे साहेबच उभा होता. म्हणून प्यालो. स्वतःला असंच समजावत घरी आलो.

मायनं ताट वाढलं नाही. खोकला आवरून म्हणाली, "त्याच्या माठाले तो तुले शिवू देत नाही. अन् त्यानं म्हटलं तं हे काहून पेला रे?"

 एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

सकाळी साहेबानं कागद पुढे सरकवला. "लिही. पाणी चांगलं आहे, वस्तीची काही तक्रार नाही. खाली सगळ्यांचे अंगठे घेऊन ये." मी सांगेन तिथे वस्ती अंगठा देणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते मलाही ठाऊक होतं.

मी दाराशी ठेवलेला मायचा गडू आत आणला. घरून निघतानाच विहिरीवरून भरून आणलेला. त्याच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, अगोदर तुमी प्या. मंग लिहितो."

त्यानं गडूला हात लावला नाही. फुटपट्टीनं ढकलला. पाणी कागदावर सांडलं.

"चालता हो."

झालो. त्याच दिवशी वस्तीच्या नावानं कलेक्टरला अर्ज लिहिला. पहिलीच ओळ, 'ही भुकटी वस्तीत प्रथम मी आणली.' अर्ज कुठे गेला, कळलं नाही. छप्पर पुरं होईपर्यंत करवती तिथेच चालल्या. मायचा खोकला तिच्याबरोबरच गेला.

माझ्या पोटात गेलं ते गेलं, आता निघायचं नाही. पण सगळं ठीक आहे, हे माझ्या तोंडून पुन्हा कोणी वदवून घेणार नाही. ज्याला आमचं पाणी चांगलं म्हणायचं असेल, त्यानं वस्तीत यावं. आमच्या विहिरीचं, आमच्या गडूनं, आमच्यादेखत अगोदर त्यानं प्यावं.