पीडीएफमधला 'श्री.'

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसायलाच वाचले. माझा स्वभाव संशयी... भुतापेक्षा माणसावर आधी संशय घेणारा.

माजलगावात बसस्टँडमागं माझं डीटीपीचं दुकान आहे. महागडी सॉफ्टवेअर परवडत नाहीत, सगळं मोफतच्या टूल्सवर चालतं. साध्या फाइलमध्ये मजकूर टाईप करायचा, एक कमांड द्यायची, पीडीएफ तयार.

गेल्या उन्हाळ्यात कौसाबाई मुलीची लग्नपत्रिका करायला आली, सोबत तिचा दीर लक्ष्मण. तिचा नवरा ज्ञानोबा सात वर्षांपूर्वी ऊसतोडीला कर्नाटकात गेला, आणि एक दिवस फडातून निघून गेला तो परतलाच नाही. लक्ष्मण म्हणाला, भावाच्या नावाआधी 'कै.' टाका, पाहुण्यांचे प्रश्न नकोत. कौसाबाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, आणि 'कै.' छापलं की ते पुसावं लागणार हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी 'कै.' टाईप केलं. पीडीएफमध्ये 'श्री.' आलं.

फाइल तपासली — 'कै.'च होतं. पुन्हा कमांड दिली, पुन्हा 'श्री.' आलं. दुसरं टूल वापरलं, मजकूर नव्यानं टाईप केला, घरचा लॅपटॉप आणला... तेच! खरं सांगतो, मला कौसाबाईचाच संशय आला. मी कागद आणायला आत गेलो तेव्हा कॉम्प्युटरजवळ तीच होती. पण तिनं जन्मात माउस धरलेला नाही, आणि लॅपटॉप तर घरी होता.

लक्ष्मण वैतागला. तसंच छापा, म्हणाला, 'कै.' मी पेनानं लिहितो. तेव्हा कौसाबाई पहिल्यांदा बोलली.

"लिवा भावजी. पर ज्यानं त्यांचं मढं बगितलं आसंल, त्यानंच लिवावं."

लक्ष्मणनं पेन खिशात ठेवलं. पत्रिका 'श्री.' लावूनच वाटल्या गेल्या.

परवा दुसऱ्या पत्रिकेसाठी नमुना म्हणून तीच जुनी फाइल उघडली, आणि घाईत मजकूर न बदलताच कमांड दिली. पीडीएफमध्ये ज्ञानोबाच्या नावाआधी 'कै.' आलं. दहादा करून पाहिलं, दहाही वेळा 'कै.'

मित्र म्हणतो, सॉफ्टवेअर अपडेट झालं असेल. झालेलं नाही, मी बघितलंय. आधी 'श्री.' का येत होतं ते मला कळलं नाही, आणि आता ते का थांबलं याचा विचारच नको वाटतो.

ती पीडीएफ मी डिलीट केली, घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. कौसाबाई रोज बाजाराला दुकानावरून जाते, कुंकू लावून. ती दिसली की मी मान खाली घालून टाईप करत राहतो.