वातींच्या नावाचं कोर्ट

यवतमाळच्या आमच्या वकिलांचे मुनशी बोलायच्या आधीच हसायचे आणि मग चष्मा कपाळावर ढकलायचे.

कापसाला भाव नव्हता, म्हणून घाटंजीत आम्ही बायका वाती वळून 'पांढरं सोनं' या नावानं विकत होतो. एका व्यापाऱ्यानं तेच नाव स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि यवतमाळच्या कोर्टात आमच्यावरच दावा ठोकला. ती नोंदणी रद्द करा, असा अर्ज वकिलांनी त्याच कोर्टासाठी तयार केला. मुनशींनी तो वाचला आणि खो-खो हसत सुटले.

"साहेब, कोर्ट चुकलं! दावा चालू असला का नोंदणी रद्द कराले हायकोर्टातच जा लागते."

वकील चिडले, पण कायद्याचं पुस्तक उघडल्यावर त्यांनी हायकोर्टासाठी नवा अर्ज लिहायला घेतला. मुनशी माझ्याकडे वळले.

"ताई, कायले घाबरून राह्यल्या? पांढरं सोनं तर अख्खा जिल्हा कापसालेच म्हणते! ते एकट्याचं कसं होईन?"

हायकोर्टानंही तेच म्हटलं आणि नोंदणी रद्द केली. निकालाची प्रत घेऊन मुनशी एसटीनं थेट घाटंजीच्या बाजारात आले. पासष्टीचा माणूस भाजीच्या ओट्यावर चढला आणि निकाल खड्या आवाजात वाचू लागला. ते इंग्रजी आम्हाला कळत नव्हतं, तरी ते श्वास घ्यायला थांबले की आम्ही टाळ्या वाजवत होतो.