क्लिपमध्ये तिचंही नाव होतं

परवा रविवारी मारुती मंदिराजवळच्या एका हॉलमध्ये मला भाषणाला बोलावलं होतं. विषय : स्त्रीच्या सन्मानासाठी एका शिक्षकाचा जाहीर निषेध. अशी आमंत्रणं मी सहसा नाकारत नाही...

क्लिप तुमच्यापर्यंतही आली असेल. शिमग्यात होळीसमोर उभा राहून एक माणूस शिवी घालतोय, त्यात वाडीतल्या एका बाईचं नाव. कुणीतरी शोधून काढलं की हा त्याच वाडीतला, शहरातल्या शाळेत शिकवतो. शाळेने त्याला लगेच घरी बसवलं आणि पालकांच्या ग्रुपवर 'कायमचा काढा' सुरू झालं.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे होळीभोवती फाका घालतात, म्हणजे गावातल्यांची नावं घेऊन सुरात, मोठमोठ्याने दिलेल्या शिव्या. मला ही प्रथा कधीच पटली नाही, आणि मी ते व्यासपीठावरून बोललेही आहे.

तरी क्लिप बघून मनात पाल चुकचुकली. ती वाक्याच्या मध्येच सुरू होते आणि शिवी संपताच तुटते... आणि जिच्यासाठी हा सगळा संताप, ती बाई कुठे आहे?

आयोजकांना विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, तिच्याशी बोलायची काय गरज? व्हिडिओ आहे ना समोर." हे उत्तर ऐकून मी शनिवारीच पावसच्या अलीकडची ती वाडी गाठली.

ती बाई पडवीत बसून ओले काजूगर सोलत होती, चीक लागू नये म्हणून बोटांना राख फासलेली. मी कशासाठी आले ते कळल्यावर आधी सासरेच बोलले. "शिमग्यात नाव घेतलं म्हणून राग धरायचा नसतो. घेतलं नाय तर धरायचा." आणि हसले.

मला त्या हसण्याचाही संशय आला. गावात राहायचं म्हटल्यावर माणूस दुसरं काय बोलणार? ते आत गेल्यावर मी तिला परत विचारलं.

मग ती बोलली. "मला नायच आवडलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर भेटला, तिथेच सांगितलं, भावजी, परत माझं नाव घेतलंत तर तुमच्या आईसमोर उभी करीन तुम्हाला. मान खाली घातलीन. संध्याकाळी आईला घेऊन आला नि माफी मागितलीन. मिटलं होतं."

"आता त्याला शाळेतून काढा म्हणतायत..."

"मला कोणी विचारलं?" तिचे हात थांबले. "आणि त्याचं तोंड दाखवलंत ते दाखवलंत, माझं नाव तरी कापायचं होतंत. आधी वाडीने ऐकलेलं. आता माहेरी केळशीत ऐकलंनी. मुलाच्या वर्गात पोरं त्याला तीच शिवी घालून हाक मारतात. दोन दिवस शाळेत जात नाय तो."

तिथूनच क्लिप टाकणाऱ्या पेजला मेसेज केला, निदान नाव तरी काढा. उत्तर आलं, "ताई, एडिट केलं तर लोक विश्वास ठेवणार नाहीत." पुन्हा विनंती केली, तर मला ब्लॉक केलं.

गावकीने माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध मी वर्षानुवर्षं बोलत आलेय. तो आज गुन्हा आहे, आणि तसाच असायला हवा. पण त्या गावकीलाही माणसाला निदान देवळासमोर बोलवावं लागायचं. या नव्या गावकीला आरोपी नको, साक्ष नको... आणि जिच्या नावाने न्याय मागायचा तीही नको. मग हा न्याय नक्की कुणासाठी चाललाय?

रविवारी मी भाषण केलं. फाकांवर बोलले, मग क्लिपवर बोलले. शेवटी म्हटलं, तिचा सन्मान हवा असेल तर आत्ता फोन काढा आणि क्लिप डिलीट करा. काहींनी काढले. आयोजकांनी माइक परत घेतला. पहिल्या रांगेत एक जण माझंच भाषण शूट करत होता... कुठून कापेल कोण जाणे.

त्या शिक्षकाची मी वकील नाही. त्याने केलं ते वाईटच. शाळेला मात्र कळवलंय, निर्णय घ्या, पण आधी तिचं ऐका. अजून उत्तर नाही.

वाडीतून निघताना तिने माझ्याकडे एकच मागितलं होतं. "लिहाल तर माझं नाव घालू नका."

म्हणून ते इथे नाही. कॉमेंटमध्ये विचारू नका... आणि ज्यांना माहीत आहे, त्यांनी कृपा करून विसरा.