गेमच्या शेवटच्या नावांत स्नेहल नव्हती

मंडळी, आज आमच्या कंपनीचा व्हिडिओ गेम बाजारात आला. महापेच्या ऑफिसात केक कापला, पण मला घास गोड लागला नाही.

गेममधली मुलगी पळते, अडखळते, वळून बघते, ती सगळी हालचाल आमच्या टीममधल्या स्नेहलने बसवली होती. रिलीज जवळ आला तशी तिची रविवारची सुट्टीही गेली. मनगट इतकं दुखायला लागलं की माऊस धरवेना, तेव्हा तिने नोकरी सोडली. आज गेमच्या शेवटी काम करणाऱ्यांची नावं आली, त्यात ती नव्हती.

मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "रिलीजआधी सोडलं की नाव येत नाही. पॉलिसी आहे."

दुपारी तिला उरणला फोन केला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "ताई, बघितलं मी. नावांचा व्हिडिओ टीव्हीवर लावून बाबांना घेऊन बसले होते. नावं संपली तरी ते उठेनात. म्हणाले, 'थांब जरा, तुजा नाव यायचा हाय अजून.'"

यादीत माझं नाव आहे. घरी कुणाला दाखवावंसं वाटलं नाही.

नोकरी सोडली की केलेलं कामही आपलं राहत नाही का? तुमच्याकडे काय करतात?